चहाआधीचं वाक्य

१२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रमोद,

अनेक आशीर्वाद असं मोठ्या बहिणीनं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. आता पुढचं वाच.

माझा नंबर तू ब्लॉक केलास, नम्रताही उचलत नाही, म्हणून पाकिटावर आलेय. पोस्टातला दादू म्हणाला, "रेणूताई, वाडीत पत्र लिहिणारी तूच उरलीस." मी म्हटलं, मेल्या, तू नुसतं पोचव, वाचू नकोस म्हणजे झालं.

आई बरी आहे. नोव्हेंबरात उजवं अंग गेलं ते अजून तसंच आहे. तोंड जरा वाकडं. बोलणं तुटक. पाणी, चा, नको, दुखतं, एवढं येतं. मी मिरजोळ्याच्या काजू फॅक्टरीतली नोकरी सोडली हे तुला ठाऊक नसेल. तिथे दिवसभर गर सोलायचे, आता दिवसभर हिचं करायचं. आंघोळ घालते, वेणी घालते, पेज भरवते, रात्री उठून कूस बदलते. पाठीला एक फोड नाही, येऊन बघ. तुळसाकाकी येता-जाता सगळ्यांना सांगते, "पोर असावी तर रेणूसारखी! स्वतःला असला आजार, तरी आवशीचं किती करते." माझा आजार! अजून चालूच आहे बघ ते.

डॉक्टरांनी सांगितलंय, हिला बोलतं ठेवा, रोज काहीतरी म्हणवून घ्या, नाहीतर आहे तेवढी वाचाही जाईल. म्हणून मी रोज सकाळी चहा द्यायच्या आधी तिच्याकडून एक वाक्य म्हणवून घेते. एकच. तीन शब्दांचं. अजून तिला जमलेलं नाही. जमेल.

शिमग्याची पालखी यंदा पंधरा मार्चला आपल्या अंगणात येते. बाबा गेल्यापासून नारळ काशीरामकाका देतात. घरात मुलगा असून शेजाऱ्यानं नारळ द्यायचा, बरं दिसतं का? तू ये. आईशी बोलू नकोस, माझ्याशीही बोलू नकोस हवं तर. पण ये.

तुझी ताई,
रेणुका


२४ फेब्रुवारी

प्रमोद,

पार्सल मिळालं. मोठ्या माणसांचे डायपर, पावडर आणि एक उशी. चिठ्ठी नाही. पत्ता नम्रताच्या अक्षरात. म्हणजे माझं पत्र पोचलं, तू ते वाचलंस आणि बायकोला दुकानात पाठवलंस. वा रे माझ्या भावा!

नोव्हेंबरात हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून मी तुला फोनवर एवढंच म्हटलं, "पाय तूच धरायचास." तुझा फोन बंद झाला तो झालाच. खाई त्याला खवखवे. बरं, तेव्हा बोलणं अर्धं राहिलं होतं, आज पुरं करते. कागदाला ब्लॉक करता येत नाही.

मी नऊ वर्षांची होते, तू सहाचा. अंगणात भात वाळत घातलं होतं आणि राखणीला मी होते. मी सागरगोटे खेळत बसले आणि कोंबड्यांनी भातात धुमाकूळ घातला. आई मागल्या परड्यातून आली. ओरडली नाही. ती कधीच ओरडायची नाही, आठवतं ना? गुपचूप घरात गेली, उलथणं चुलीत घातलं आणि तुला म्हणाली, "पम्या, ताईचे पाय धर. हलू देऊ नको." तू धरलेस. घट्ट धरलेस रे. तुझी नखं लागली होती मला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तुळसाकाकीनं माझी पोटरी बघितली. "काय झाला गो पोरीच्या पायाला?" आई राहाटाचा दोर ओढता ओढता म्हणाली, "रात्री आकडी आली व्हती हिला. डाग दिला." काकी म्हणाली, "बरा केलास. येळेवर दिलास."

झालं! आपल्याकडे कावीळ झाली तरी डाग, पोटात दुखलं तरी डाग, मग आकडीला दिला तर कोण विचारणार? तिची सोयच झाली. दूध उतू गेलं, मला आकडी आली. म्हैस दावं तोडून गेली, आकडी आली. मुंबईहून बाबांची खुशाली आली नाही की हमखास आकडी आली. आणि वाडीतल्या बायका म्हणायच्या, नवरा मुंबईला, तरी कमला एकटी पोरीचं एवढं दुखणं काढते, धन्य आहे बाई तिची.

गणपतीला बाबा आले. पाय बघून रडले. त्या रात्री मी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, "बाबा, मला काही होत नाही. आई चटके देते." ते उठून बसले. आईनं दिवा मोठा केला आणि तुला उठवलं. "पम्या, बाबांना सांग, ताईला आकडी येते ना रे?" तू माझ्याकडे बघितलंस. तिच्याकडे बघितलंस. आणि मान हलवलीस. बाबांनी आईचे हात हातात घेतले, म्हणाले, "तू हायस म्हणून पोर जगली." पुढच्या शिमग्याला तिला जांभळी साडी आणली, सोनेरी काठाची. माझ्या पायांची बक्षिसी ती.

तू सोळाव्या वर्षी मुंबईला बाबांच्या खोलीवर पळालास, सुटलास. माझं काय झालं ते ऐक. शाळेची सहल गणपतीपुळ्याला गेली, बाईंनी मला नेलं नाही, समुद्रावर आकडी आली तर? एकदा देवळात आरतीला मला साधी जांभई आली, तर चौघीजणींनी धरून आडवी केली आणि नाकाला चप्पल लावली. हसू नकोस. म्हणजे हस, मीही हसते कधी कधी. गुहागरचं स्थळ आलं होतं, पोफळीची बाग होती त्यांची, मुलगा चांगला होता, माझ्याकडे बघून लाजला होता. एसटीच्या थांब्यापर्यंत पोचेस्तोवर त्याला कुणीतरी सांगितलं. मग पुढे पुढे बिजवर यायला लागले. शेवटच्याला एक डोळा अधू होता, त्यानंसुद्धा माझ्यात खोट काढली! आई प्रत्येक वेळी पदरानं डोळे पुसून सांगायची, "पोरीचं नशीब." आणि आता तिची कूस बदलायला घरात कोण आहे? मीच. तिनं खोटं बोलून बोलून मला स्वतःसाठीच राखून ठेवलं.

तर ते वाक्य असं आहे: रेणूला आकडी नव्हती.

मी कप तिच्या पुढ्यात ठेवते आणि म्हणते, आये, म्हण. ती म्हणत नाही. पाणी म्हणता येतं, नको म्हणता येतं, काल तुळसाकाकीला चक्क "बस गो" म्हणाली. मग एवढंच कसं अडतं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय. मी वाट बघते. कधी कधी चहा गार होतो.

मरायच्या आधी मला ते तिच्या तोंडून ऐकायचंय. एवढं एकच मागणं आहे माझं या जन्मी. तू येऊन शेजारी उभा राहिलास तर कदाचित म्हणेल. तुला सगळं माहीत आहे हे तिला माहीत आहे.

रेणू


८ मार्च

प्रमोद,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. चहा गार होत नाही. मी तो तिच्या डोळ्यांसमोर मोरीत ओतते.

सुरुवातीला मला वाटायचं, एक दिवस चहा नाही मिळाला तर काय मरत नाही कोणी. मग पेजही दुपारपर्यंत थांबवायला लागले. ती कपाकडे बघते, माझ्याकडे बघते आणि डाव्या हातानं चादर चुरगाळते. मग माझं डोकं फिरतं. परवा वेणी घालताना केस इतके ओढले की पुंजका हातात आला. तुळसाकाकी दारातून विचारते, "काय गो, आवशीला चहा दिलास?" मी म्हणते, "आता बोलायला शिकवतेय, मग देते." ती म्हणते, "किती करतेस गो!" आईनं विहिरीवर जे केलं तेच ना हे? औषधाच्या नावाखाली. मला कळतंय, आंधळी नाही मी. कळूनही थांबता येत नाही, हीच तर गोम आहे.

आता खरी बातमी. सोमवारी तिला आकडी आली. खरी. डोळे फिरले, दात घट्ट बसले, पाय खाटेवर आपटायला लागले. मी दारात उभी होते. धावले नाही. मला हसू फुटलं, प्रमोद. आकडी म्हणजे काय असतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. आणि ती आली होती हिला! देवाच्या घरी न्याय उशिरा असतो म्हणतात, पण एवढा नेमका असतो हे ठाऊक नव्हतं. हसून झाल्यावर मग मी रिक्षा बोलावली.

डॉक्टर म्हणाले, अर्धांग झाल्यावर काहींना असं होतं. गोळी दिली आहे. सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही, चुकली तर पुन्हा येईल आणि पुढची जिवावर बेतेल.

ती गोळी माझ्या हातात आहे. कळतंय का तुला मी काय लिहितेय? चहाच्या कपाशेजारी मी आता गोळी ठेवते.

मला माझीच भीती वाटते. पालखीला ये आणि जाताना हिला घेऊन जा. नाहीतर वाडी जमली असेल तेव्हा सगळ्यांसमोर एकदा खरं सांग, म्हणजे माझा हात तरी थांबेल. दोनांतलं एक कर. शपथ घालत नाही, तू शपथा पाळणाऱ्यांतला नाहीस. नुसतं सांगते. ये.

रेणू


१७ मार्च

प्रमोद,

तू आला नाहीस. पालखी आली.

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं म्हटलं, "आये, म्हण, मग गोळी." तिनं तोंड फिरवलं. मी गोळी उचलून डबीत ठेवली. आदल्या संध्याकाळीही असंच झालं होतं. हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही, कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगतेय.

दुपारी मी तिला ती जांभळी साडी नेसवली. मुद्दाम. अंगणात खुर्चीवर बसवली. ढोल-ताशा चढला होता, पालखी नाचत होती, काशीरामकाकांनी नारळ दिला, मी ओटी भरली आणि वळून बघते तो आई खुर्चीतून खाली घसरलेली. पाय ताडताड आपटत होते. बायका ओरडल्या. तुळसाकाकी सगळ्यांना बाजूला सारत पुढे आली. "डाग द्या हिला! उलथणं तापवा! रेणू, उलथणं कुठं हाय?"

पडवीतली पाण्याची चूल पेटलेलीच होती. उलथणं मीच आणून दिलं. तेच, लाकडी मुठीचं. मी अजून त्यानंच घावणे उलटते.

"पाय धर गो रेणू. हलू देऊ नको."

मी धरले. काकीनं साडी गुडघ्यापर्यंत वर केली. आईची पोटरी मी रोज पुसते, तरी त्या दिवशी पहिल्यांदा बघितल्यासारखी बघितली. पांढरी, वाळकी, एक डाग नाही तिच्यावर. मी मनात म्हटलं, दे काकी, दे. लवकर दे. आणि मी आणखी घट्ट धरलं. माझी नखं तिच्या कातडीत गेलेली दिसली मला.

तेव्हा तू आठवलास. पाय धर म्हटल्यावर पाय धरले जातात रे. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई आहे, काजू फॅक्टरीत मुकादमाला तोंडावर शिव्या घातल्यात मी, आणि मला हात सोडता येईना. तू तर सहा वर्षांचा होतास. तुला भूक लागायची, अंधाराची भीती वाटायची, आणि जगात तुझी ती एकच आई होती. तू काय करणार होतास?

उलथणं जवळ आलं. त्याची धग माझ्या मनगटाला लागली. मी काकीला ढकललं. कसं ते नाही सांगता येत. उलथणं सारवलेल्या जमिनीवर पडलं, शेण करपल्याचा वास आला. मी आईवर आडवी पडले आणि ओरडले, "डाग नाही द्यायचा! मला कधीच आकडी नव्हती! कधीच नव्हती! ती मला चटके द्यायची!"

ढोल थांबला. सगळी वाडी ऐकत होती. पस्तीस वर्षं मी ज्या घटकेची वाट बघितली ती हीच, असं वाटलं मला.

आणि तुळसाकाकी काय म्हणाली सांगू? "अगो बाय, हिलापण आली! दोघींना एकदम आली! चप्पल आणा कुणीतरी!"

धरलं मला. काशीरामकाकांच्या सुनेनं हात धरले, आणखी कुणीतरी पाय, आणि नाकाला चप्पल लावली. मी जितकी ओरडले तितकं त्यांना जास्त पटलं. शेवटी गप्प पडून राहिले, तेव्हा म्हणाल्या, "उतरली हो, उतरली." पालखीवरचा गुलाल आणून कपाळाला लावला. पालखी पुढच्या घरी गेली.

बोलून झालं माझं. वाडीसमोर, देवासमोर. आता कुणी येऊन साक्ष द्यायची राहिली नाही. तू येऊन सांगितलंस तरी म्हणतील, मुंबईचं पाणी लागलं पोराला.

संध्याकाळी आई शुद्धीवर आली. मी गोळी कुटून गुळाच्या पाण्यातून दिली. तिच्या पोटऱ्यांवर माझ्या नखांचे व्रण होते. त्यांना खोबरेल तेल लावलं आणि रडले. तिच्यासाठी रडले की माझ्यासाठी, कुणास ठाऊक. ती जागी होती. टकमक बघत होती माझ्याकडे.

तुझ्याबद्दल माझ्या मनात आता काही नाही. ती मान सहा वर्षांच्या पोराची होती. तिचं ओझं तू अजून वागवत असशील तर टाकून दे. मी टाकलं.

ताई


३० मार्च, पाडवा

चि. प्रमोद,

अनेक आशीर्वाद. आज मनापासून.

परवा रात्री फोन आला तो तुझाच होता. तू बोलला नाहीस, पण मागून वेदिकाचा आवाज आला, "बाबा, कोण आहे?" आणि तू ठेवलास. हरकत नाही. तेवढंही बरं वाटलं.

आजचं सांगते. सकाळी गुढी उभारली. आपल्या परसातल्या कडुनिंबाला पालवी छान आली आहे. मग दोन कप चहा केला. पालखीच्या दुसऱ्या दिवसापासून मी तिला काही विचारत नाही. चहा देते, गोळी देते, तोंड पुसते. ती रोज जरा घुटमळते, कपाला ओठ लावायच्या आधी माझ्याकडे बघते. मला वाटायचं, गोळी कडू लागते म्हणून असेल.

आज कप पुढे केला तर तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. तोंड वाकडं करून, जीव गोळा करून म्हणाली, "रेणूला." मी हलले नाही. "आ... कडी." लाळ गळत होती. मी पुसली नाही. "नव्हती."

म्हणाली. सगळं म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर तिनं कपाकडे बोट केलं.

आता तूच सांग प्रमोद, ती खरंच म्हणाली का चहासाठी म्हणाली? कुत्र्याला पंजा दे म्हटलं की तो देतो, तसं मीच तिला शिकवलं ना, उपाशी ठेवून? आयुष्यभर मी ज्या वाक्याची वाट बघितली ते मला मिळालं, आणि ते खरं आहे का हे मला कधीच कळायचं नाही. दुसऱ्या कुणी नाही, माझं मीच ते नासवून ठेवलं. मी कप तसाच घेऊन चुलीपाशी गेले आणि खूप रडले. मग हसले. मग साखर घालायची राहिली होती ती घालून कप परत आणला.

मी तिला माफ केलं का, असं विचारशील. माझ्या पोटऱ्यांकडे बघितलं की नाही केलं. तिची कूस बदलताना ती माझ्या गळ्यात हात टाकते तेव्हा केलं. दिवसातून कितीदा तरी होतं आणि कितीदा तरी मोडतं. आणि तिनं मला माफ करायचं राहिलंय, त्याचं काय? तिला तर ते तोंडानं सांगायचीही सोय नाही.

तुला आता तिला घेऊन जायची गरज नाही. माझा हात थांबला आहे. साक्षीलाही येऊ नकोस. आंबा उतरायला लागला की वेदिकाला घेऊन ये, मागल्या परड्यातलं कलम यंदा लगडलं आहे. उलथणं मी आडात टाकलंय. घावणे हातानं उलटते, बोटं भाजतात, चालायचंच.

ती आताही खाटेवरून हाक मारते आहे. चार वाजले की तिला दुसरा चहा लागतो. मी कप नेला की ती परत तेच म्हणायला लागेल, रेणूला आकडी नव्हती, अगदी शहाण्या पोरीसारखं, आणि मग माझ्याकडे बघेल. सकाळपासून पाणी, पेज, काहीही पुढे केलं तरी तेच चाललंय; मी सांगून सांगून दमले की आये, आता नको म्हणूस, पुरे झालं. ऐकतच नाही. म्हणून मी आता एवढंच म्हणते, "बरं. पी, गार होतो."

तुझी ताई,
रेणुका